हाताला कळतं म्हणे!

‘साहेब, हाताला कळतं.’

टायरवाल्याच्या किंवा गॅरेजवाल्याच्या तोंडचं हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि ऐकून मान डोलावलीय. वर कौतुकही केलंय. काय तो अनुभव, काय तो बसलेला हात, नाहीतर आपण, कीबोर्ड बडवणारे! आज मला या वाक्याशी भांडायचंय, आणि त्याहून जास्त आपल्या त्या मान डोलावण्याशी. कारण नट किती घट्ट झालाय हे हाताला नेमकं कळत नाही. माझ्या नाही, तुमच्या नाही, तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या उस्तादाच्याही नाही. ते मोजायला टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. तो विकत घ्यायला नको, वापरायला नको आणि सांभाळायला तर नकोच, म्हणून आपण ‘अनुभव’ नावाची पळवाट काढून ठेवलीय.

जरा कडक वाटेल. वाटू दे. शनिवार आहे, चहा हाताशी आहे, सविस्तर सांगतो.

आधी थोडं फिजिक्स (तेच ते, बारावीनंतर रद्दीत घातलेलं). नट आवळला की बोल्ट ताणला जातो. बोल्ट म्हणजे एक फार कडक स्प्रिंग समजा. ती ताणली गेली की परत आखडायला बघते आणि त्या ओढीनं चाक हबवर दाबून धरते. चाक जागेवर राहतं ते मुख्यतः या दाबामुळे आणि त्यातून येणाऱ्या घर्षणामुळे. ताण कमी पडला तर चाक हबवर सूक्ष्म हलायला लागतं, खड्ड्याखड्ड्याला नट आणखी सैल होतो आणि एक दिवस निघून येतो. ताण जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, त्याची स्प्रिंग मरते, किंवा आटे जातात. या दोन्हींच्या मधे एक पट्टा आहे आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये तो आकड्यात छापलेला असतो. बहुतेक छोट्या गाड्यांना चाकाच्या नटासाठी ८५ ते १२५ न्यूटन-मीटरच्या दरम्यानचा कुठलातरी आकडा असतो. तुमच्या गाडीचा नेमका किती ते मॅन्युअलमध्ये बघा. हो, तेच मॅन्युअल, ज्याचं प्लॅस्टिक अजून फाडलेलं नाही.

आता रस्त्यावर काय चालतं ते बघू. पोरगा व्हील पाना लावतो आणि त्याच्यावर उभा राहतो. पोरगा ७० किलोचा, पाना ३५ सेंटिमीटरचा. गुणाकार करा: सुमारे २४० न्यूटन-मीटर. आणि तो नुसता उभा राहत नाही, दोन उड्याही मारतो. जरा बरं दुकान असेल तर एअर गन असते. चांगली अर्ध्या इंची गन ५०० न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ शकते. ती ‘टर्रर्र’ करून थांबते कधी? पोराला कंटाळा आला की. मग हाताला कळतं ते कधी? गनच्या ट्रिगरवर कसला डोंबलाचा हात बसणार?

“जास्त घट्ट झालं तर बरंच की, निघणार तरी नाही!” हा आपला आवडता युक्तिवाद. बरोबर आहे, निघणार नाही. रात्री साडेदहाला एक्स्प्रेस-वेच्या कडेला टायर बसलाय, मोबाईलची बॅटरी ९ टक्के, आणि स्टेपनी लावायला उतरलेली तुमची ५५ किलोची बहीण डिकीतला फूटभर लांबीचा पाना घेऊन खटपट करतेय. पूर्ण वजन टाकून उभी राहिली तरी तिचा जोर साधारण १६० न्यूटन-मीटरच्या वर जात नाही. नट मॅन्युअलप्रमाणे १०० च्या आसपास आवळलेला असता तर तो सुटला असता. कंपनीनं तो आकडा आणि तो पाना एकमेकांना धरूनच दिलेला असतो. गननं ३०० वर आवळलेला नट मात्र फिरणार नाही. ती तिथे अडकलेली असते ते तिला जमत नाही म्हणून नव्हे, तर दोन महिन्यांपूर्वी दुकानात कोणाला तरी ‘हाताला कळलं’ म्हणून.

शिवाय ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, मग आपण डिस्कला शिव्या घालतो. डिस्क बिचारी चाक आणि हबच्या मधे चिमटलेली असते. एक नट ९० वर, शेजारचा २५० वर असला की ती वाकडी बसू शकते. घट्ट असणं जितकं महत्त्वाचं, तितकंच सगळे नट सारखे घट्ट असणंही. आणि सारखेपणा ही तर हाताला सगळ्यात न जमणारी गोष्ट. पहिला नट ताज्या हातानं, विसावा नट दमलेल्या हातानं.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला: “इतकी वर्षं असंच चाललंय, काय झालं?” आपल्या धंद्यात याला ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ म्हणतात. कोणी टेस्टरसमोर हे बोललं तर आपण हसतो, आणि गॅरेजात तेच ऐकून मान डोलावतो. ज्यांचे आटे गेले, ज्यांचे बोल्ट तुटले, त्यांनी नवे टाकले आणि ‘जुनी गाडी आहे, होतं असं’ म्हणून बिल भरलं. त्या बिलावर ‘कारण: हाताचा अंदाज’ असं कोणी लिहीत नाही, त्यामुळे काही झाल्याची नोंदच होत नाही.

अनुभवी माणसाच्या अंदाजाचं काय होतं याची एक नोंद मात्र नीट झालेली आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. वर चढत असतानाच वैमानिकासमोरची काच उडाली आणि कॅप्टन अर्धा विमानाबाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. आश्चर्य म्हणजे सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. चौकशीत निघालं काय, तर उड्डाणाच्या थोडंच आधी ती काच बदलली होती आणि तिच्या ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास हवा त्याहून कमी होता. फरक एक मिलिमीटरपेक्षाही कमी. काच बसवणारा कोणी नवशिका नव्हता, शिफ्टचा मुख्य होता. त्यानं कॅटलॉग न उघडता जुना बोल्ट समोर धरून नवे बोल्ट नजरेनं जुळवले होते. हे टॉर्कचं नव्हे, व्यासाचं उदाहरण आहे, मान्य. पण रोग तोच: आकडा लिहिलेला होता, तो बघायच्या ऐवजी बसलेल्या नजरेवर भागवलं. अनुभवानं माणसाचा वेग वाढतो, आत्मविश्वास वाढतो. पण बोटांत काटा बसवला जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त गोड, म्हणून जास्त धोकादायक: “अरे, कारागिराच्या हाताचा मान राखावा. सगळं यंत्रानं मोजायचं म्हणजे त्याच्या कलेचा अपमान.” हे ऐकलं की माझं डोकं सणकतं. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत लाइनवर उभी असलेली पोरं आणि हायवेच्या टायरवाल्याकडची पोरं, दोन्ही याच मातीतली, कधी कधी एकाच आयटीआयमधली. कारखान्यात त्या पोराच्या हातात टॉर्क ठरवून दिलेलं हत्यार असतं आणि त्यानं आवळलेल्या महत्त्वाच्या बोल्टांची तपासणी होते. तिथे कोणी ‘याच्या हाताला कळतं’ म्हणून त्याला नुसता पाना देत नाही. मग तोच पोरगा रस्त्यावर आला की त्याच्या हातात अचानक दैवी शक्ती येते का? येत नाही. तिथे हत्यार द्यायचा खर्च मालकाला नको असतो आणि चाकामागे वीस रुपये जास्त द्यायला आपल्याला नको असतात. ‘कला’ हा त्या काटकसरीला दिलेला भरजरी शेला आहे. खरा मान राखायचा तर त्याला चांगला पाना द्या आणि तो नीट वापरायचा वेळ द्या. मागे उभं राहून ‘किती वेळ रे’ करू नका.

तिसरा आक्षेप अभ्यासू माणसाचा, त्यामुळे त्याला नीट उत्तर देतो. “टॉर्क मोजून बोल्टाचा ताण थोडाच कळतो? मधे घर्षण आहे.” शंभर टक्के खरं. आपण लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानानं १० टक्केच बोल्ट ताणण्यात जातो. उरलेला नटाच्या तोंडाशी आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. म्हणूनच आट्यांना ग्रीस चोपडलं तर त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, आणि गंज असेल तर कमी. पण यातून ‘मग मोजूच नका’ असा निष्कर्ष कसा निघतो? यातून निघतं ते हे की आटे तारेच्या ब्रशनं साफ करा, मॅन्युअलनं सांगितलं नसेल तर तेल-ग्रीस लावू नका, आणि मग मोजा. दोन गोष्टी अनिश्चित असतील तर एक तरी पक्की करावी, हे आपल्याला कोणी सांगायला हवं का?

असो. भांडण पुरे, आता घ्यायचा कुठला ते बोलू. कारण इथेही आपली मंडळी गंमत करतात. नागदेवी स्ट्रीट किंवा बोहरी आळीत जाऊन ‘एकच असा द्या की सगळ्याला चालेल’ म्हणतात. असा रेंच नसतो. क्लिक रेंचवर भरवसा ठेवायचा तो त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वर. म्हणजे २०० न्यूटन-मीटरचा रेंच ४० पासून पुढे. चाकासाठी अर्ध्या इंची ड्राइव्हचा ४० ते २०० चा रेंच छान. पण तोच घेऊन सायकलच्या कार्बन सीटपोस्टला गेलात, जिथे हवे असतात ५ न्यूटन-मीटर, तर रेंच गप्प बसेल आणि कार्बन बोलेल. बाइकचे स्पार्क प्लग, सायकल, असली नाजूक कामं असतील तर ५ ते २५ चा वेगळा, छोटा रेंच घ्या. दोन्ही नको असतील तर जे काम जास्त करता त्याचा घ्या आणि दुसरं काम ज्याच्याकडे योग्य रेंच आहे त्याच्याकडून करून घ्या.

प्रकार मुख्यतः तीन. काट्याचा, म्हणजे दांडा वाकतो आणि काटा पट्टीवर आकडा दाखवतो. दिसायला बावळट, पण बिघडायला त्यात फारसं काही नाही. काटा शून्यावर नसेल तर हलकेच वाकवून आणता येतो. फक्त वाचताना डोळा बरोबर वर हवा, तिरकं बघितलं की आकडा खोटा. दुसरा क्लिकचा, ठरवलेल्या आकड्याला ‘टक्’ करणारा. अडचणीच्या जागी सोयीचा, पण आत स्प्रिंग आहे आणि ती सांभाळावी लागते. तिसरा डिजिटल. आकडा झोकात दिसतो, पण बॅटरी हवी, आणि दशांशानंतर दोन आकडे दिसले म्हणून मोजमाप तेवढं अचूक असतं असं नाही (हे आपल्याला तरी माहीत असायला हवं!). पहिल्यांदा घेताय आणि बजेट कमी आहे, तर स्वस्त नकली क्लिकपेक्षा साधा काट्याचा घ्या, असं माझं स्पष्ट मत. पैसे खर्च करायचेच असतील तर क्लिकचा घ्या, पण डब्यातल्या प्रमाणपत्रावर त्याच रेंचचा सीरियल नंबर आणि वेगवेगळ्या आकड्यांना मोजलेली प्रत्यक्ष वाचनं आहेत ना ते बघा. नुसती ‘अचूकता ± ४ टक्के’ असं छापलेली चिठ्ठी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, जाहिरात आहे.

एकक बघा. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं. त्याला ९.८ नं गुणलं की न्यूटन-मीटर. १०.५ म्हणजे १०३. अमेरिकन व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांनी फूट-पाउंडाचं भान ठेवावं. १०३ न्यूटन-मीटरच्या जागी १०३ फूट-पाउंड लावलेत तर प्रत्यक्षात १४० झाले.

आता निगा. माझं खरं भांडण इथेच आहे. कारण न सांभाळलेला टॉर्क रेंच हा नसलेल्या रेंचपेक्षा वाईट. नसेल तर माणूस निदान बिचकत आवळतो. असला की ‘टक्’ ऐकून निर्धास्त होतो, आणि तो ‘टक्’ मेलेल्या स्प्रिंगचा असू शकतो.

काम झालं की क्लिक रेंच त्याच्या पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, म्हणजे स्प्रिंग दबलेली राहत नाही. त्याच्याही खाली, पार सैल करू नका, आतले भाग जागा सोडतात. गंजलेला नट सैल करायला तो वापरू नका, त्यासाठी साधा पाना आहे. ठोकायला वापरू नका (हे लिहावं लागतंय!). डिकीत स्टेपनीखाली गडगडत ठेवू नका, त्याच्या डब्यात ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. हातातून जोरात पडला तर तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नका. आवळताना मुठीच्या मध्यावर धरा आणि संथ ओढा. झटका दिला की आकड्याच्या पुढे जाल. ‘टक्’ झालं की थांबा. खात्रीसाठी म्हणून आणखी दोनदा टक् टक् करणं म्हणजे आणखी आवळणं. दांड्याला पाईप जोडू नका.

आणि कॅलिब्रेशन. हातानं चालणाऱ्या टॉर्कच्या हत्यारांसाठी आयएसओ ६७८९ नावाचं मानक आहे. वापरणाऱ्यानं स्वतःचा काही वेगळा कालावधी ठरवला नसेल तर १२ महिने किंवा ५००० वेळा वापर, यातलं जे आधी होईल तेव्हा तपासणी, असा त्याचा हिशेब. तुम्ही-आम्ही वर्षातून चारदा चारही चाकं काढली तरी २० नट गुणिले ४, म्हणजे ८० टक्. आपल्याला १२ महिन्यांची अट आधी लागते. आता टायरवाल्याचा हिशेब करा. दिवसाला १० गाड्या, गाडीमागे २० नट, रोज २०० टक्. ५००० व्हायला २५ दिवस! भिंतीवर चकचकीत रेंच टांगलेल्या दुकानात जाऊन विचारा, शेवटचं कॅलिब्रेशन कधी? जे उत्तर येईल (किंवा येणार नाही), त्यावरून तो रेंच हत्यार आहे की देवघरातली मूर्ती ते कळेल. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा हे काम करून देतात. घरच्या घरी ढोबळ तपासणी करायची तर ड्राइव्हचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरून रेंच आडवा ठेवा आणि मुठीच्या मध्यावर वजन टांगा. अंतर ४० सेंटिमीटर आणि वजन २० किलो असेल तर साधारण ७८ न्यूटन-मीटर होतात, रेंचचं स्वतःचं वजन वर थोडी भर घालतं. हे कॅलिब्रेशन नव्हे. पण १२० वर लावलेला रेंच एवढ्या वजनाला ‘टक्’ करत असेल, तर तो कामातून गेलाय एवढं नक्की.

सगळ्यात संतापजनक प्रकार शेवटी सांगतो, कारण तो नेमका आपल्यासारख्या ‘जागरूक’ ग्राहकांसाठी रचलेला आहे. दुकानदार आधी गननं नट ३०० पर्यंत कचकचून आवळतो. मग आपल्यासमोर दिमाखात टॉर्क रेंच काढतो, १०० वर लावतो आणि प्रत्येक नटाला टक्, टक्, टक्. आपण खूश! अहो, नट आधीच ३०० वर आहे, त्याला १०० वर लावलेला रेंच टक् करणारच. त्या आवाजानं एवढंच सिद्ध झालं की नट १०० पेक्षा सैल नाही. किती जास्त घट्ट आहे याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. हा टेस्ट पास झाल्याचा हिरवा दिवा आहे, ज्याच्या मागे टेस्टच नाही.

म्हणून पुढच्या वेळी चाक लावताना एवढं सांगा. गन फक्त नट काढायला. लावताना नट आधी हातानं फिरवायचे, मग साध्या पान्यानं बेताचे टेकवायचे. चाक जमिनीला टेकलं की एकाआड एक, समोरासमोरचे नट टॉर्क रेंचनं. आणि ‘टक्’ होण्याआधी नट थोडा तरी फिरताना दिसला पाहिजे. न फिरता टक् झालं तर सैल करून परत. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर एकदा पुन्हा तपासायचं, हे काम तुम्हीच पार्किंगमध्ये दहा मिनिटांत करू शकता. सोसायटीत चार गाडीवाल्यांनी मिळून एक रेंच घेतला आणि वर्षाकाठी तपासून आणला तरी चालेल. फक्त डबा कोणाकडे आहे ते लिहून ठेवा, नाहीतर तो शिडीसारखा फिरत राहील.

दुकानदार हसेल. ‘साहेब, नेटवर वाचून आलात वाटतं’ म्हणेल. हसू दे. आपण झोपेचे तास मोजतो, दिवसाची पावलं मोजतो, सर्व्हरचा प्रतिसाद मिलिसेकंदात मोजतो आणि तो जरा वाढला तर रात्री दोनला उठून बसतो. शंभरच्या वेगानं पळणारं चाक ज्या पाच नटांवर टिकलंय, त्यांच्यासाठी मॅन्युअलचं एक पान उघडायला काय हरकत आहे? प्लॅस्टिक आजच फाडा. आकडा सापडला की सनव्हायझरच्या मागे चिकटवून ठेवा.